गोरमाटीत विकलेलं कापड

हिंगोलीच्या एका कापड दुकानात मी तीस वर्षं थानं उलगडली आणि तीस वर्षं तीच थानं पुन्हा गुंडाळली. गिऱ्हाईक वीस बघतं आणि एक घेतं, त्यामुळं गुंडाळण्याचंच काम जास्त. गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा घरी बसलो. दुकानदारीतलं काहीतरी लिहून द्या, असा या अंकाचा निरोप आला तेव्हा मी बायकोला म्हटलं, "कापडाबद्दल काय लिवावं? लोक घेतात, घालतात, फाडतात." ती म्हणाली, "सकरीबाईचं लिवा," आणि आत निघून गेली. मी अर्धा तास तिथंच बसून राहिलो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणीतला एक तालुका होता. चहूकडं तांडे. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, नातवंडं आता शेती करून राहिली होती. त्यांची आपसातली बोली गोरमाटी. बाजार तिला लमाणी म्हणायचा, आणि म्हणताना जरा नाक मुरडायचा. ती बोली मला येते. आईच्या मांडीवर शिकावी तशी येते, आणि माझं सगळं बरं-वाईट तिनंच केलं.

मी बंजारा नाही. माझे वडील जंगल खात्यात नाकेदार होते. कळमनुरीकडच्या माळावर त्यांची चौकी, आणि चौकीला लागून तांडा. माझ्या तिसऱ्या वर्षापासून अकराव्यापर्यंत आम्ही तिथं होतो. मराठी बोलणारं घर आमचं एकटंच. आई कामात असायची, मी दिवसभर तांड्यावर. कोणाच्या चुलीपाशी बाटी खाल्ली, कोणाच्या खाटेवर झोपलो, हिशेब नव्हता. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी नाव विचारलं आणि मी गोरमाटीत उत्तर दिलं. सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी ती बोली चारचौघांत तोंडातून काढायची बंद केली.

मॅट्रिक झालो, वडील गेले, आणि मी हिंगोलीत कामाला लागलो ते या दुकानाच्या मागच्या गोदामात, गठ्ठे उचलायला. आम्ही बौद्ध. आमच्यातल्या माणसानं कापडाच्या गादीवर बसावं, बायाबापड्यांना थानं दाखवावीत, असं त्या गल्लीत तोवर कोणी पाहिलेलं नव्हतं. माझ्या मनातही नव्हतं, खोटं काहून बोलू?

एका बाजाराच्या दिवशी मी गठ्ठा घेऊन पुढं आलो. गादीसमोर तांड्याच्या चार बाया बसल्या होत्या. समोर लाल थानांचा ढीग, आणि शेटजी घामाघूम. बाया तोंडं वाकडी करून एकेक थान बाजूला सारत होत्या, आणि आपसात गोरमाटीत म्हणत होत्या की ते तळाचं लाल एकदम झकास आहे, फक्त ह्या म्हाताऱ्याला कळू देऊ नका. मला हसू आवरलं नाही.

"काहून हसला रे?" शेटजी खेकसले.

मी त्यांच्या कानाशी लागलो. "शेटजी, ते खालचं काढा. बाकी सगळं नाटक हाय."

शेटजींनी तळाचं थान काढलं आणि भाव पक्का धरून विकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "किसन, हातपाय धू. गादीवर बैस." शेजारचे दोन दुकानदार महिनाभर शेटजींशी धड बोलले नाहीत. शेटजींनी जात पाहिली नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनी जात पाहिली, बोली पाहिली, आणि बोलीचं पारडं जड झालं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तांड्याच्या बाईचा पोशाख म्हणजे फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, वर काचळी, म्हणजे चोळी, आणि डोक्यावर ओढणी. यातलं काही तयार मिळत नाही. सगळं त्या घरी शिवतात. आरसे, कवड्या, रंगीत दोरे असं भरतात की एका काचळीला पावसाळाच्या पावसाळा जातो. त्यामुळं कापड जाड लागतं, सुई पेलणारं. मीटरबिटर त्यांना मान्य नाही, कोपरापासून बोटापर्यंतच्या हातानं मोजायचं. घ्यायचं ते नवरी ठरवत नाही, तिची आई ठरवत नाही, सगळ्यांत मागं तंबाखू मळत बसलेली म्हातारी ठरवते. नवा गुमास्ता तरण्या बायांसमोर थानं पसरत बसतो आणि तोंडघशी पडतो. आधी पाणी म्हातारीला, पहिलं थान म्हातारीच्या मांडीवर. हे मला कोणी शिकवलं नाही. मी तांड्यावर वाढलो होतो.

शेटजींची पहिली ताकीद होती, "किसन, मुंह बंद, कान खुले." म्हणजे बोली येते हे दाखवायचं नाही, नुसतं ऐकायचं. दोनेक महिने मी तेच केलं. आज सांगायला लाज वाटते. बाया माझ्यासमोर मनातलं बोलायच्या, कोणाची पोरगी नांदत नाही, कोणाला पुन्हा दिवस गेलेत, आणि मी थंड चेहऱ्यानं थानं उलगडायचो. शेवटी एक म्हातारी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्या पोराचं नाक बघा गं, देवानं करताना घाई केली." मी फिसकन हसलो. मला वाटलं, आता शिव्या बसणार, कदाचित चप्पलही. म्हातारीनं जमिनीवर थाप मारली आणि ओरडली, "अरे, हा तर आपल्यातलाच निघाला!" आणि सगळ्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. मीच हबकून बसलो. इतकी फसवणूक झाल्यावर माणसं हसू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं.

तिथून पुढं मी उघड बोलायला लागलो. म्हाताऱ्यांना याडी, म्हणजे आई. बाकी सगळ्यांना बहीण. नाती लावायला पैसा पडत नाही, असं शेटजी म्हणायचे.

त्या दिवसांतला आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुकान गच्च भरलेलं. दोन वेगवेगळ्या तांड्यांच्या बाया दारात समोरासमोर आल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मोठ्यानं सूर लावून रडायला लागल्या. अहो, काय रडणं ते! गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. शेटजी गादीवरून उडी मारून आले, "कोण मेलं? माझ्या दुकानात कोण मेलं?" रस्त्यावरचा पोलीससुद्धा आत आला. मी सगळ्यांना शांत केलं. कोणी मेलं नव्हतं. त्या सख्ख्या बहिणी होत्या आणि नऊ वर्षांनी भेटत होत्या. त्यांच्यात लांबच्या माणसाची भेट झाली की बायका असंच गळ्यात पडून रडतात, आणि रडता रडताच मधल्या वर्षांतलं सगळं सुरात सांगतात, कोण गेलं, कोण झालं, बैल किती राहिले. पोलीस डोळे पुसत बाहेर गेला. शेटजी मात्र विचारात पडले, आणि पुढच्या बाजाराला त्यांनी ओट्यावर एक मोठी सतरंजी आणि पाण्याचा माठ ठेवला. बाजाराच्या दिवशी आमचा ओटा म्हणजे साऱ्या तांड्यांची भेटीची जागा झाली. मी त्यांची पत्रं वाचून दाखवायचो, रेशनचे अर्ज भरून द्यायचो, दवाखान्यात डॉक्टरांसमोर उभा राहून दुखणं मराठीत सांगायचो. लोकांची सोय होत होती आणि दुकान धो धो चालत होतं. यात वाईट काय, असं मला तेव्हा वाटायचं.

आता सकरीबाई.

दुष्काळ सरून एखादं वर्ष झालं असेल. लग्नसराई होती. शेटजींनी नवी युक्ती काढली. ज्या तांड्यात लग्न असेल तिथं मी सायकलवर जायचं आणि नवरीच्या आईला दुकानातर्फे एक ओढणीचं कापड भेट द्यायचं. एक कापड गेलं की सगळा तांडा आपल्या दुकानाचा. चार-पाच ठिकाणी मी ते केलं, बरं चाललं. मग गोरेगावच्या पलीकडच्या एका तांड्यावर गेलो. तांड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नवरीची आई सकरीबाई, पस्तिशीची, उंच, कमी बोलणारी. दुकानात दोनदा आलेली, इतकीच ओळख.

त्या तांड्यात रीत अशी की नवरी सासरी निघण्याआधी तिच्या आईला मांडवात घोंगडीवर बसवायचं आणि आईच्या भावानं पुढं होऊन तिच्या डोक्यावर माहेरचं कापड घालायचं. मगच पोरगी निघायची. सकरीबाई घोंगडीवर बसली. नाईक, म्हणजे तांड्याचा मुख्य, त्यानं विचारलं, "सकरीच्या माहेराकडून कोण आहे?"

कोणीच उठलं नाही. शेजारच्या माणसानं माझ्या कानात सांगितलं की हिला माहेर उरलेलं नाही. त्यांचा तांडा मोडून माणसं तेलंगणात पांगली, आणि एकुलता भाऊ पटकीनं गेला. बाया कुजबुजायला लागल्या. सकरीबाई खाली बघत होती. तिच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना चांदीच्या घुगऱ्या लोंबत होत्या. नवरा जिवंत असलेल्या बाईचं ते लेणं. त्या घुगऱ्या थरथरत होत्या, म्हणजे बाई रडत होती.

माझ्या काखेत दुकानाचं कापड होतं. मी उठलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मं छू." मी आहे.

खरं सांगतो, त्या वेळी मनात थोडी दया होती. बाकीचं सगळं दुकान होतं. इतक्या लोकांसमोर असा मोका पुन्हा येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

नाईक म्हातारा होता, पण कच्चा नव्हता. त्यानं मला पुढं बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पोरा, तू आमच्यातला नाहीस. लग्नाला उठलास, बरं केलंस. मौतीला येशील का?"

"येईन," मी म्हटलं.

गादीवर बसून दिवसातून पन्नास वेळा 'रंग जाणार नाही' म्हणायची सवय. त्याच तोंडानं ते 'येईन' म्हणून मोकळा झालो. कापड तिच्या डोक्यावर घातलं. ढोल वाजला. सकरीबाईनं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मग तिची पोर बैलाच्या पाठीवर उभी राहून निरोपाचं गाणं म्हणत निघाली, आणि मी मामा म्हणून बैलाच्या शेजारून शंभर पावलं चाललो. दुकानात येऊन सगळं सांगितलं तर शेटजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा रे पठ्ठे!"

पुढची चार वर्षं काय सांगू! 'सकरीचा भाई गादीवर बसतो,' एवढ्या शब्दावर लांबलांबचे तांडे आमच्या ओट्यावर यायला लागले. सकरीबाई दर बाजाराला यायची. कधी हुरडा, कधी वाळल्या मिरच्या, कधी तीळ. मी म्हणायचो, "बाई, इतकी तकलीफ कशाला?" ती म्हणायची, "भावाच्या घरी रिकाम्या हातानं जातात का?" माझ्या लग्नात ती अकरा बाया घेऊन आली. आमच्या वस्तीत, आमच्या घरात, माझ्या आईशेजारी मांडी घालून जेवली. माझ्या बायकोच्या हातात तिनं आरशांनी भरलेली पिशवी ठेवली आणि मोठ्या नणंदेच्या तोऱ्यात मला बजावलं, "हिला रडवू नकोस." आई म्हणाली होती, "किसन, ही बाई मनातून मानून राहिली बरं का." मी म्हटलं, "व्हय, चांगलं गिऱ्हाईक हाय." आईनं माझ्याकडं असं पाहिलं! मला त्या वेळी कळलं नाही.

मग ते वर्ष आलं. ऐन लग्नसराई, बाजाराचा दिवस, गादीसमोर पाय ठेवायला जागा नाही. गर्दीतून त्या तांड्याचा कारभारी पुढं आला. कारभारी म्हणजे नाईकाच्या खालचा माणूस. तोंड सुकलेलं, पायांवर धूळ. गोरमाटीत म्हणाला, "सकरीचा मालक गेला. विहीर खणताना दरड आली. कापड पाहिजे. चल."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिचा नवरा हेमला भला माणूस होता. मी ताबडतोब उठलो, चांगलं जाड पांढरं कापड फाडलं, कागदात बांधलं, कारभाऱ्याच्या हातात दिलं. "पैसे राहू द्या, दुकानातर्फे," असंही वर म्हणालो. कारभारी हातातल्या पुडक्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं.

"तू आवेनी?" त्यानं विचारलं. तू येत नाहीस?

"बाजार हाय हो आज. पुढच्या हप्त्यात येतो. बहिणीला सांगा, येतो म्हणून."

मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, ते पिवळं दाखवता का?" मी वळलो. पुन्हा पाहिलं तर कारभारी गेलेला होता.

पुढच्या हप्त्यात परभणीहून माल आला. त्याच्या पुढच्या हप्त्यात एका मोठ्या घरचा बस्ता होता. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत, त्यात गुमास्त्यानं जागचं हलायचं नसतं. मी काही विसरलो नव्हतो. रोज सकाळी आठवायचं, रोज मी म्हणायचो, उद्या. एक गोष्ट तेवढी डोळ्यांवर आली. त्या तांड्याचं एकही माणूस दोन-तीन बाजार ओट्यावर फिरकलं नव्हतं. मला वाटलं, सुतक असेल.

चौथ्या बाजाराला दुसऱ्याच एका तांड्याची म्हातारी आली. सतरंजीवर बसली नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "किसन, तुझी बहीण अजून बसलेली आहे, ठाऊक आहे का तुला?"

"बसलेली म्हणजे?"

म्हातारीला वाटलं मी सोंग करतोय. मग तिनं सगळं सांगितलं.

नवरा गेला की बाईनं झोपडीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचं. घुगऱ्या तशाच ठेवायच्या. बाराव्या दिवशी भावानं यायचं, आपल्या हातानं तिच्या डोक्यावर कापड घालायचं, घुगऱ्या उतरवायच्या, आणि हाताला धरून तिला उन्हात आणायचं. भावाचा हात लागल्याशिवाय ती उठत नाही. सासरच्या कोणी उठवायचं नाही. आपली आपण उठली तर ती बेवारस बाई. मग तिच्या लेकरांच्या लग्नाला, तिच्या शेताच्या वाटणीला, कशालाच तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नाही, असं तांडा धरून चालतो. जिला भाऊ नसेल तिच्यासाठी तिच्या कुळाचा कोणीतरी उभा करतात. नाईकानं सकरीबाईसाठीही एक माणूस उभा केला होता. तिनंच नको म्हटलं.

"म्हणाली, मारो भाई आवछ," म्हातारी म्हणाली. माझा भाऊ येतोय. "बाराव्या दिवशी म्हणाली, पंधराव्या दिवशी म्हणाली. मिरगाची पेरणी तोंडावर आली, बैल दावणीला, लेकरं दुसऱ्याच्या चुलीवर जेवून राहिली. आणि ती भिंतीकडं बघत म्हणते, भाऊ येतोय."

अहो, मी त्याच लोकांत वाढलो होतो! लहानपणी तांड्यावर बायांना उन्हात आणताना मी पाहिलं असेल की नाही? पाहिलंच असेल. पोरांच्या घोळक्यात उभं राहून पाहिलं असेल. आमच्यातसुद्धा माहेरचं माणूस दुखवटा घेऊन जातंच ना? मला सगळं शब्द न् शब्द कळत होतं, आणि मी कारभाऱ्याच्या हातात पुडकं बांधून दिलं. बाईला एक महिना अंधारात बसवणारा माणूस मी होतो.

शेटजींना म्हटलं, "मी निघालो."

"आज? बाजाराच्या दिवशी? उद्या जा ना रे."

"उद्या उद्या करूनच हे झालं, शेटजी."

"अरे भाई, एक तांडा गेला तर दुसरे पन्नास हैत!" ते मागून ओरडले. मी थांबलो नाही. घरी गेलो. बायकोनं सगळं ऐकलं. "तुमी गेलेच न्हाई? मला वाटलं त्याच दिवशी जाऊन आले." तिच्या डोळ्यांत काय होतं ते लिहिता येणार नाही मला. तिनं स्वतःच्या पेटीतलं एक नवं कापड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "दुकानातलं नेऊ नका," म्हणाली.

गोरेगावपर्यंत जीप मिळाली. पुढं पायी. भर दुपारचं ऊन. वाटभर मी गोरमाटीत वाक्यं जुळवत होतो, बहिणीची माफी कशी मागायची. इतकी गोड बोलणारी जीभ माझी, एक वाक्य धड जुळेना.

तांड्यावर पोचलो तर कोणी राम राम घातला नाही. नाईक लिंबाखाली बसला होता, त्यानं मान वळवली. मी सरळ सकरीबाईच्या झोपडीत वाकून शिरलो. कोपरा रिकामा होता. जमीन नुकतीच सारवलेली.

मागून एक बाई म्हणाली, "परवा उठली ती." कोणी उठवलं, विचारलं. "कोणी नाही. आपली आपण उठली. घुगऱ्या आपल्याच हातानं काढल्या. आमच्या तांड्यात असं कोणी केलेलं नव्हतं."

मी बाहेर आलो. सकरीबाई झोपडीमागच्या वावरात होती. डोकं उघडं, कपाळाच्या दोन्ही बाजू मोकळ्या. धसकटं वेचत होती. माझी चाहूल लागली तशी सरळ झाली. इतकी वाळली होती की ओळखू येईना.

मी कापड दोन्ही हातांवर धरलं. गोरमाटीत म्हणालो, "बाई, चुकलो. मी तुझा भाऊ, मला मार, पण हे घे."

तिनं पदराला हात पुसले. मग बोलली, आणि मराठीत बोलली. चार-पाच वर्षांत माझ्याशी तिनं एक शब्द मराठीत काढला नव्हता. तिचं मराठी स्वच्छ होतं, बाजारात तिऱ्हाईत माणसाशी बोलावं तसं.

"उन्हाचं कशाला आले, साहेब? बसा सावलीला. पानी घेता का?"

"सकरीबाई, माझ्याशी आपल्या बोलीत बोल गं," मी गोरमाटीत म्हटलं.

"तुमाला मराठी बराबर समजते की," ती म्हणाली. ना रागावली, ना रडली. "त्या दिवशीचं तुमचं कापड तसंच हाय. सोडलं न्हाई. जाताना घेऊन जा. हे बी ऱ्हाऊ द्या."

हातांवर कापड, आणि ते कुठं ठेवावं कळेना. शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून आली असती, तर मी पायावर लोळण घेतली असती. साहेब म्हणून पाणी विचारणाऱ्या बाईपुढं माणसानं काय करायचं?

तेवढ्यात झोपडीकडून तिची धाकटी पोरगी धावत आली. सात-आठ वर्षांची. दर बाजाराला आईचं बोट धरून येणारी, माझ्या गादीवर लोळणारी. मला पाहून तिचा चेहरा फुलला. तिनं गोरमाटीत आईला विचारलं, "याडी, मामा आला का गं?"

सकरीबाईनं पोरीला जवळ ओढलं. तिच्याशी ती जन्मात कधी मराठीत बोलली नसेल. आता बोलली, सावकाश, मला नीट ऐकू यावं म्हणून.

"मामा न्हाईत ते. दुकानातले हायेत."

पोरगी आईकडं बघायला लागली, मग माझ्याकडं. सकरीबाई वाकली आणि धसकटं वेचायला लागली.